विशिखानुप्रवेश : आयुर्वेद पदवीधराची पहिली नोकरी

आंतरवासितेचे वर्ष संपत आले की कर्जत, खालापूर परिसरातील दोन-चार नवपदवीधर दरवर्षी आमच्या कडावच्या दवाखान्यात येऊन भेटतात. कुणाच्या हातात गुणपत्रिकांची फाईल असते, कुणाबरोबर वडील असतात. साडेपाच वर्षांचा अभ्यासक्रम पुरा झालेला असतो, घरच्यांची अपेक्षा वाढलेली असते आणि प्रश्न एकच असतो, "सर, आता पुढे काय करावे?" या प्रश्नाचे उत्तर आम्ही अनेक वर्षे घाईघाईने दिले. ते अपुरे होते, हे आम्हास उशिरा कळले. प्रस्तुत लेखात या विषयाचा शास्त्राच्या आणि व्यवहाराच्या अंगाने विचार करावयाचा आहे. लेख नवपदवीधरांसाठी आहेच. परंतु त्यांना पहिली संधी देणारे आपण ज्येष्ठ वैद्य व औषधालयांचे मालक यांच्यासाठी तो अधिक आहे.

१. शास्त्राची भूमिका

व्यवसायप्रवेश हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे, हे सुश्रुताचार्यांनी फार पूर्वी ओळखले. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील दहावा अध्याय 'विशिखानुप्रवेशनीय' या नावाचा आहे. विशिखा म्हणजे मार्ग, वैद्याचा कर्ममार्ग. शिष्याने गुरुगृह सोडून या मार्गावर पाऊल केव्हा टाकावे व कसे टाकावे, याचे विवेचन तेथे येते. त्याच्या लगेच आधीचा नववा अध्याय 'योग्यासूत्रीय' आहे. कोहळा, दुध्या भोपळा, कलिंगड, काकडी यांवर छेदनकर्माचा सराव करावा, असे तो सांगतो. हा अनुक्रम सहेतुक आहे. आधी योग्या, म्हणजे हाताचा सराव, आणि मगच विशिखा.

दहाव्या अध्यायाच्या प्रारंभी आचार्यांनी प्रवेशाच्या अटी घातल्या आहेत. तंत्राचे अध्ययन झालेले असावे, त्याच्या अर्थाचे चिंतन झालेले असावे, कर्म प्रत्यक्ष पाहिलेले असावे, स्वहस्ते केलेले असावे, शास्त्र दुसऱ्यास समजावून सांगता यावे आणि राजाची अनुज्ञा मिळालेली असावी. त्यानंतर वेष व वर्तन येते. नखे व केस कापलेले, वस्त्र स्वच्छ व पांढरे, हाती छत्री व दंड, पायांत पादत्राणे, वेष भपकेबाज नसावा. बोलणे कल्याणकारक असावे, कपट नसावे, प्राणिमात्रांशी बंधुभाव असावा आणि चांगला साहाय्यक जवळ असावा.

छत्री, काठी आणि पादत्राणे यांचा उल्लेख वाचून विद्यार्थी हसतात. आषाढात पेज नदीच्या काठाने एखाद्या वाडीवर रुग्ण पाहावयास गेल्यावर त्यांचे हसणे थांबते.

या अटींपैकी पहिल्या दोन महाविद्यालय पूर्ण करते. राजानुज्ञेची अट आज नोंदणीने पूर्ण होते. महाराष्ट्रात ती महाराष्ट्र वैद्यक व्यवसायी अधिनियम, १९६१ अन्वये भारतीय वैद्यक परिषदेकडे करावी लागते. केंद्रीय पातळीवर १९७० च्या कायद्याची जागा भारतीय वैद्यक पद्धती राष्ट्रीय आयोग अधिनियम, २०२० ने घेतली असून आयोगाचे कामकाज जून २०२१ पासून सुरू झाले. मधल्या तीन अटी मात्र, म्हणजे दृष्टकर्मता, कृतयोग्यता आणि शास्त्र समजावून सांगण्याचे सामर्थ्य, ना पदवीपत्राने सिद्ध होतात, ना नोंदणीने. त्या पहिल्या नोकरीत सिद्ध व्हावयाच्या असतात. म्हणूनच पहिली नोकरी ही केवळ उपजीविकेची बाब राहत नाही. ती अध्ययनाचा उत्तरार्ध आहे.

चरकाचार्यांनी चिकित्सेच्या चतुष्पादांत वैद्याचे चार गुण सांगितले. शास्त्राचे निर्मळ ज्ञान, कर्म वारंवार पाहिलेले असणे, दक्षता आणि शुचिता. यांतील दुसरा गुण वेळेवाचून येत नाही आणि तिसरा कुणीतरी चूक दाखविल्यावाचून येत नाही. केवळ शास्त्र जाणणारा आणि केवळ कर्म जाणणारा, दोघेही एका पंखाच्या पक्ष्यासारखे असमर्थ होत, असे सुश्रुताने म्हटले ते याच अर्थाने.

२. उपलब्ध मार्ग आणि त्यांचे गुणदोष

आज महाराष्ट्रात नवपदवीधरासमोर साधारणतः पाच मार्ग असतात.

पहिला शासकीय सेवेचा. आयुर्वेद पदवीधरांसाठीची गट-ब वैद्यकीय अधिकाऱ्यांची पदे, राष्ट्रीय आरोग्य अभियानातील कंत्राटी पदे आणि २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची तपासणी पथके यांचा त्यात समावेश होतो. २०१८ मध्ये आयुष्मान भारत योजना आल्यानंतर उपकेंद्रांवर समुदाय आरोग्य अधिकारी हे पद निर्माण झाले. सहा महिन्यांचा सामुदायिक आरोग्याचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम पूर्ण करून आपले अनेक पदवीधर तेथे गेले. या केंद्रांना २०२३ पासून 'आयुष्मान आरोग्य मंदिर' असे नाव आहे. २०१४ पासून चालू असलेल्या १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिका सेवेतही आपले पदवीधर मोठ्या संख्येने काम करीत आले आहेत. या सेवांत लोकांच्या आरोग्याचे व्यापक दर्शन घडते, तातडीच्या प्रसंगी हात स्थिर राहावयास शिकतो. मात्र औषधनिर्माण, पंचकर्म, नाडी आणि प्रकृती यांचा अभ्यास स्वतःच्या हिमतीवर चालू ठेवावा लागतो.

दुसरा मार्ग खाजगी रुग्णालयातील निवासी वैद्यकीय अधिकाऱ्याचा. कर्जत हे मुंबईच्या लोकलचे ठाणे असल्याने आमच्या भागातील मुले कल्याण, ठाणे, पनवेल येथे रात्रपाळीस जातात. वेतन लवकर सुरू होते, हा त्याचा गुण. दोष असा की रात्रभर दुसऱ्याने लिहिलेले औषधोपचार पाळावयाचे असतात आणि सकाळी निदानाची चर्चा करावयास कुणी थांबत नाही. येथे कायद्याची मर्यादाही जाणून घेतली पाहिजे. होमिओपॅथीची पदवी असताना आधुनिक औषधे देणे हाच निष्काळजीपणा होय, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने पूनम वर्मा प्रकरणात १९९६ मध्ये दिला. १९९८ च्या मुख्तियार चंद प्रकरणात भारतीय वैद्यकाच्या व्यवसायींची आधुनिक औषधे वापरण्याची मुभा त्या त्या राज्याच्या कायद्यावर अवलंबून असल्याचे स्पष्ट झाले. महाराष्ट्रात शासनाची १९९२ ची अधिसूचना आहे, म्हणून सर्व काही चालते असे समजू नये. मुभा असणे वेगळे आणि त्या औषधाचे पुरेसे ज्ञान असणे वेगळे. रुग्णास अपाय झाल्यास सही करणाऱ्यासच उत्तर द्यावे लागते.

तिसरा मार्ग औषधनिर्मितीचा. हा आपल्या जिल्ह्यास परका नाही. पनवेल येथे १८७२ मध्ये कृष्णशास्त्री पुराणिक यांनी श्री धूतपापेश्वर औषधालयाचा पाया घातला, तेव्हापासून रायगडात औषधनिर्मितीची परंपरा आहे. आयुर्वेदीय औषधांच्या निर्मितीवर पात्र तज्ज्ञाची देखरेख कायद्याने आवश्यक आहे आणि २००० साली लागू झालेल्या परिशिष्ट 'टी' ने उत्तम निर्मितिपद्धतीचे निकष घालून दिले आहेत. कच्च्या द्रव्याची ओळख, त्याचे ग्राह्याग्राह्यत्व, पाकाची परीक्षा, बॅचच्या नोंदी ही कामे नवपदवीधर उत्तम करू शकतो. पांढऱ्या कुड्याच्या सालीत काळ्या कुड्याची साल मिसळून आली तर ती पोत्याशी उभे राहून ओळखणारा माणूस औषधालयास हवा असतो. असा माणूस घडविण्यास वर्ष लागते, जाहिरात देऊन तो मिळत नाही.

चौथा मार्ग अध्ययनाचा. २०१७ पासून पदव्युत्तर प्रवेशासाठी अखिल भारतीय परीक्षा आहे. ज्यांना ती द्यावयाची नाही अथवा थांबून द्यावयाची आहे, त्यांच्यासाठी १९८८ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय आयुर्वेद विद्यापीठाचा गुरुशिष्य पद्धतीचा एक वर्षाचा अभ्यासक्रम आहे. तेथे शिष्यास विद्यावेतन मिळते. या मार्गाची माहिती आमच्या भागातील फार थोड्या मुलांना असते, याचे आम्हास आश्चर्य वाटते.

पाचवा मार्ग ज्येष्ठ वैद्याकडे सहायक म्हणून राहण्याचा. शास्त्रदृष्ट्या हा सर्वांत जवळचा आणि प्रत्यक्षात सर्वांत उपेक्षित. तो का उपेक्षित राहिला, याचे उत्तर आमच्याच अनुभवात आहे.

३. एक अनुभव

काही वर्षांपूर्वी एक तरुण वैद्य आमच्याकडे सहायक म्हणून राहिला. अभ्यासात चांगला, स्वभावाने नम्र. पहिल्याच पावसाळ्यात भातलावणीच्या दिवसांत एक कातकरी बाई नवऱ्यासह दवाखान्यात आली. अनेक दिवसांचा अतिसार, अशक्तपणा, जिभेवर साम लक्षणे. या तरुणाने अर्धा तास प्रश्न विचारून उत्तम इतिहास लिहिला आणि पाच औषधांचे पत्र दिले. अनुपानास ताक व गाईचे तूप सांगितले. नवऱ्याने कागद हातात घेऊन शांतपणे विचारले, "यातलं आज कंचं घ्यावं?" त्याच्या खिशात एकाच औषधाचे पैसे होते आणि घरात ना गाय होती, ना ताक.

तरुण गोंधळला. आम्ही पुढे होऊन दोन औषधे खोडली, कुटज आणि सुंठ ठेविली, पातळ पेज व मीठ-साखरेचे पाणी समजावले, लघवी कमी झाली अथवा ग्लानी आली तर तडक कशेळ्याच्या ग्रामीण रुग्णालयात जाण्यास सांगितले. काम झाले. परंतु बाई गेल्यावर आम्ही त्या तरुणाशी पाच मिनिटेदेखील बोललो नाही. बाहेर रांग होती. ही दोन औषधे का खोडली, ते सांगितले नाही. ही कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जातात व पावसाच्या तोंडावर परततात, म्हणून त्यांची दीर्घ चिकित्सा पंचांग पाहून आखावी लागते, हे आम्हास ठाऊक होते. त्यास ते कधी सांगितले नाही.

वेतनाचाही प्रश्न होता. "अनुभव मिळतो आहे" असे म्हणून आम्ही त्यास जे देत होतो, त्यातून त्याचा प्रवासखर्च जेमतेम भागत असे. तीन महिन्यांनी तो एका शहरातील रुग्णालयात रात्रपाळीस गेला. जाताना त्याने अनुभवाचे प्रमाणपत्र मागितले. कागद समोर घेऊन आम्ही बसलो आणि त्यात काय लिहावे ते आम्हास सुचेना. या तीन महिन्यांत त्याने आमच्याकडे एकही क्वाथ स्वतः केला नव्हता, एकही बस्ति दिला नव्हता, एकाही रुग्णाचा पाठपुरावा त्याच्यावर सोपविलेला नव्हता. त्याने रुग्णांची नावे लिहिली होती आणि पैसे घेतले होते. शेवटी आम्ही 'वर्तणूक चांगली' असे लिहून सही केली. तो नमस्कार करून गेला. पुढे आयुर्वेदाची प्रॅक्टिस त्याने केली नाही, असे समजले.

तरुण पिढीस गुरुसेवा नको, अशी तक्रार आपल्या सभांतून ऐकू येते. ती करण्यापूर्वी आपण त्यांस देतो काय, याचा हिशेब मांडावा, असे या प्रसंगानंतर आम्हास वाटू लागले.

४. ज्येष्ठांसाठी : एका वर्षाचा पाठ

त्यानंतर येणाऱ्या सहायकांसाठी आम्ही एका वर्षाची आखणी केली. तिच्यात सुधारणेस वाव आहे, तरी ती येथे मांडतो.

पहिले तीन महिने परीक्षेचे. प्रत्येक नव्या रुग्णाची अष्टविध परीक्षा सहायकाने आधी स्वतंत्रपणे लिहावी, मग वैद्याने. दिवसाच्या शेवटी दोन्ही कागद शेजारी ठेवून फरक का पडला, ते बोलावे. रोज तीन रुग्ण पुरेत.

दुसरे तीन महिने द्रव्यांचे. अडुळसा, निर्गुडी, गुळवेल, हिरडा, बेहडा, कुडा, मुरुडशेंग या आमच्या डोंगरातील वनस्पती स्वतः ओळखाव्यात, योग्य ऋतूत गोळा कराव्यात, क्वाथ, चूर्ण व सिद्ध तेल स्वहस्ते करावे. ठाकूर व कातकरी वाड्यांवरील जाणत्या मंडळींना या कामी गुरू मानावे आणि त्यांना त्यांच्या वेळेचा मोबदला द्यावा.

तिसरे तीन महिने कर्माचे. स्नेहन, स्वेदन, बस्ति ही कर्मे वैद्याच्या उपस्थितीत करावीत. त्याचबरोबर कोणता रुग्ण आपण ठेवून घ्यावयाचा नाही, हेही शिकवावे. सर्पदंश, छातीत दुखणे, बालकाचा वाढता श्वास, पावसाळ्यात भाताच्या चिखलात काम करणाऱ्यास आलेला तीव्र ताप व काविळ यांस विनाविलंब कर्जतच्या उपजिल्हा रुग्णालयात वा त्याहून वरच्या केंद्रात पाठवावे लागते. सोबत लेखी टिपण द्यावे लागते. साध्यासाध्यता ओळखणे हा शास्त्राचाच भाग आहे, त्यात कमीपणा नाही.

शेवटचे तीन महिने जबाबदारीचे. काही जीर्ण रुग्ण सहायकाच्या नावे करावेत आणि आपण मागे बसावे. ही गोष्ट ज्येष्ठांस सर्वांत अवघड जाते, हे स्वानुभवाने सांगतो.

वेतन महिन्याच्या ठरलेल्या तारखेस, लेखी ठरल्याप्रमाणे द्यावे. आपला दवाखाना एकट्याने ते पेलू शकत नसेल, तर दोन वैद्य व एक औषधालय मिळून एका सहायकाची व्यवस्था करू शकतात. तीन दिवस दवाखान्यात, तीन दिवस औषधालयात. यात औषधालयास द्रव्यपरीक्षक मिळतो, वैद्यास सहायक आणि तरुणास शास्त्राचे दोन्ही पंख. आमच्या संघटनेने प्रत्येक तालुक्यात अशी एक तरी जागा निर्माण करावी, अशी आमची सूचना आहे.

५. नवपदवीधरांसाठी : स्वीकारण्यापूर्वी पाहावयाच्या बाबी

नेमणूकपत्र लेखी घ्यावे. त्यात पदनाम, कामाचे तास, साप्ताहिक सुटी, वेतन, नोकरी सोडण्याची पूर्वसूचना व वरिष्ठ कोण, हे स्पष्ट असावे. रात्री अडचण आल्यास कोणास दूरध्वनी करावयाचा, हा प्रश्न मुलाखतीतच विचारावा. त्याचे सरळ उत्तर न देणारी जागा टाळावी.

मूळ प्रमाणपत्रे कुणाकडेही ठेवू नयेत. पडताळणीसाठी दाखवावीत व परत घ्यावीत.

कायम नोंदणीपूर्वी स्वतंत्र व्यवसाय करू नये. नोंदणी क्रमांक औषधपत्रावर लिहावा. व्यावसायिक दायित्वाचा विमा पहिल्या महिन्यातच उतरवावा.

आपले नाव व नोंदणी क्रमांक दुसऱ्याच्या उपयोगासाठी देऊ नये. कागदोपत्री अध्यापक, कागदोपत्री देखरेख तज्ज्ञ, कागदोपत्री वैद्यकीय अधिकारी अशा विचारणा नव्या मुलांकडे येतात. काम न करता पैसे मिळतात, म्हणून मोह होतो. ज्या रुग्णास आपण पाहिले नाही आणि ज्या औषधास आपण हात लावला नाही, त्यांची जबाबदारी मात्र आपल्या सहीवर येते. विशिखाप्रवेशाच्या अटींत कपट नसावे असे आचार्य सांगतात, ते अशाच प्रसंगासाठी.

औषधालयात वा विक्री विभागात काम करताना खात्रीच्या उपचाराची जाहिरात लिहावयास सांगितली, तर औषधे व जादूचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियम, १९५४ आठवावा. मधुमेह, कर्करोग यांसारख्या अनेक व्याधींबाबत असे दावे करण्यास तेथे मनाई आहे.

शेवटची बाब नोंदवहीची. आपल्याच जिल्ह्यातील महाड तालुक्यात बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रावर १९७० च्या दशकात डॉ. हिंमतराव बावसकर हे तरुण वैद्यकीय अधिकारी म्हणून काम करू लागले. विंचूदंशाने माणसे दगावत होती. त्यांनी प्रत्येक रुग्णाच्या शेजारी बसून लक्षणे नोंदविली. त्या नोंदींवर आधारलेले लेखन लॅन्सेटसारख्या नियतकालिकात आले आणि पुढे प्रॅझोसिन या औषधाच्या उपयोगाने असंख्य प्राण वाचले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांचे शास्त्र आधुनिक वैद्यकाचे. परंतु आडगावची पहिली नोकरी आणि एक वही यांतून काय घडू शकते, हे कोणत्याही शास्त्राच्या पदवीधराने लक्षात ठेवावे. कडावसारख्या गावातील रुग्ण, येथील द्रव्ये, येथील ऋतुमान यांच्या नोंदी करावयास दुसरे कुणी येणार नाही.

६. उपसंहार

गेल्या वर्षी आमच्या एका सहायकाने वर्ष पूर्ण केले. जाताना त्याने प्रमाणपत्र मागितले. या वेळी कागद अपुरा पडला. किती रुग्ण स्वतंत्रपणे पाहिले, कोणती कल्पे केली, कोणती कर्मे केली, किती रुग्ण वेळेत पुढे पाठविले, हे सर्व त्याच्याच नोंदवहीतून उतरवून घेता आले.

सभासदांनी आपल्याकडे अखेरच्या राहिलेल्या सहायकास कोणते प्रमाणपत्र दिले, ते एकवार आठवून पाहावे. त्यात वर्तणुकीपलीकडे काही लिहिता आले होते काय, या एका प्रश्नाने आपापल्या दवाखान्याची व औषधालयाची परीक्षा करावी. पुढील आंतरवासिता संपण्यापूर्वी ती झाली, तर दारात येणाऱ्या मुलास "पुढे काय करावे" याचे उत्तर शब्दांनी देण्याची गरज उरणार नाही. त्यास बसावयास खुर्ची आणि लिहावयास वही देता येईल.

इत्यलम्.